उभं राहण्याची टिप

पार्सल घेताना कोणी टिप मागितली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. यायचं मी, रांगेत ताटकळायचं मी, पिशवी सांभाळत घरी चालत जायचं मी, वाढायचं मी, खरकटं काढायचं मी, आणि टिप त्यांना? हे मत माझं आजचं नाही. लहानपणापासूनचं आहे, आणि ते मला एका वेटरनंच शिकवलं. माझ्या बाबांनी.

बाबांचा अख्खा जन्म वेटरगिरीत गेला. आमच्या चौकातल्या मोठ्या हॉटेलात, त्या लांबलचक हॉलमध्ये, पांढरा कोट चढवून आणि हातावर रुमाल टाकून ते उभे असायचे. घरी आले की आधी पाय गरम पाण्याच्या बादलीत, मग बाकीच्या गोष्टी. "टिप जेवणाची नसते, ठमे," ते मला सांगायचे. "टिप उभं राहण्याची असते. गिऱ्हाईक उठेपर्यंत आपण बसायचं नाही. ताटाखाली टिप दिसली की समजायचं, सुटलो." पार्सलवाल्यांकडून मात्र त्यांनी कधी काही घेतलं नाही. त्यांच्यासाठी उभं कोण राहिलं, म्हणून घ्यायचं?

मी जेवायला भारी नाठाळ होते. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली होती. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं की ताटाखाली एक नाणं सापडायचं. "ही तुझी टिप. सुटलीस. पळ आता," असं म्हणून ते माझं ताट उचलायचे. आईला हे लाड अजिबात पसंत नव्हते.

पुढे हॉटेल बंद पडलं. हॉलला शटर लागलं आणि फक्त कोपऱ्यातली पार्सलची खिडकी तेवढी चालू राहिली. बाबा घरी बसले, म्हणजे बसले असं आपण म्हणायचं, ते घरभर फेऱ्याच मारायचे. मग आई गेली आणि त्यांच्या डोक्यातला काळ इकडचा तिकडे व्हायला लागला. कधी मी त्यांची ठमी असायची, कधी कोणी अनोळखी बाई. तेही मी चालवून घेतलं असतं. पण त्यांनी जेवणच सोडलं. ताट समोर ठेवलं की ते हात मागे घ्यायचे आणि अदबीनं म्हणायचे, "माझं नंतर. आधी गिऱ्हाइकांचं होऊ दे."

ती गिऱ्हाइकं काही केल्या उठत नव्हती. मी समजावलं, ओरडले, रडले, घास करून तोंडापाशी नेला. ते मान वळवायचे. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात एकदा नळी लागली की…" पुढचं मला न सांगताच कळलं. त्या दिवसापासून बाबांच्या पोटात चार घास जाणं, याखेरीज मला दुसरं काही सुचेना.

शेवटचा उपाय म्हणून मी त्या खिडकीवर गेले. म्हटलं, ओळखीच्या भटारखान्याची चव लागली तर निदान आठवणीनं तरी खातील. सूप, भात आणि भाजलेली कोंबडी सांगितली. खिडकीवर दिवा असा टांगलाय की गल्लेवाल्याचे हात आणि हनुवटी तेवढी दिसते. त्यानं बिल पुढे सरकवलं. पॅकिंगचे वेगळे. पिशवीचे वेगळे. त्याखाली सेवा आकार. आणि कार्डाच्या मशीनवर आणखी एक प्रश्न: टिप किती देणार?

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात कामावर उभी होते. बाबांनी सकाळी चहासुद्धा परत केला होता. आधीच डोकं ठिकाणावर नव्हतं.

"सेवा कसली हो? इथे एक खुर्ची तरी आहे का?"

"हॉलमधल्या माणसांचे आहेत ते, बाई."

"हॉलला शटर लागून किती वर्षं झाली!"

"शटर लागलं," तो म्हणाला. "माणसं कुठे जाणार?"

मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. मग मीही तोंड सोडलं. "हे बघा, वेटरची मुलगी आहे मी, मला नका शिकवू. एक तर हा आकार काढा, नाहीतर सेवा द्या. पाठवा माझ्या घरी माणूस, माझ्या वडलांना जेवायला वाढायला. ते नीट जेवले की देईन टिप. जेवून उठताना देतात तशी, ताटाखाली."

रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. गल्लेवाला हसला नाही. त्यानं बिल मागे घेतलं, सेवा आकारावर काट मारली आणि पिशवीला गाठ बांधली.

"ठरलं तर. माणूस पाठवतो."

लढाई जिंकल्याच्या थाटात मी घरी आले. बाबा टेबलापाशी बसले होते, खुर्चीच्या अगदी कडेला, कोणी हाक मारली तर चटकन उठता यावं असे. पिशवी टेबलावर ठेवून मी वाट्या आणायला आत गेले. परत आले तेव्हा वाट्यांची गरजच उरली नव्हती.

ताट मांडलेलं होतं. सूप बशीवर ठेवलेल्या वाटीत, चमचा उजवीकडे. कोंबडीचे हाडं काढून तुकडे केलेले. कागदी रुमालाची उभी घडी, आणि पाण्याचा पेला काठाच्या दोन बोटं खाली भरलेला. बाबा खुर्चीत मागे टेकून, ऐसपैस बसले होते. आणि जेवत होते. भुकेल्या माणसासारखे, आवाज करत जेवत होते.

"बाबा, तुम्ही काढून घेतलंत?"

"मी कशाला काढू?" ते म्हणाले. "वेटर काय फक्त उभं राहायला आहे?"

आणि मान थोडी मागे वळवून कोणाला तरी म्हणाले, "सूप जरा आणखी."

मी त्यांच्या खुर्चीमागे पाहिलं. भिंत होती. नुसती भिंत. मी पुन्हा टेबलाकडे पाहिलं तेव्हा सुपाची वाटी भरलेली होती आणि सुपाच्या डब्यातला डाव मंदपणे हलत होता.

मी घाबरले, यात लपवण्यासारखं काही नाही. हातातल्या वाट्या खळ्ळकन पडल्या. पण बाबांनी ताट स्वच्छ केलं, ढेकर दिला, आणि "वा!" म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मी तो शब्द ऐकला. टिप देईन असं मी कबूल केलं होतं. पाकीट काढलं, नोट हातात घेतली, आणि बाबा सहज बोलून गेले, "टिप ठेवलीस की तो जाईल हं. सुटतो ना माणूस."

मी नोट परत पाकिटात घातली.

तेव्हापासून तो आमच्या घरात राहिला. पार्सलच आणायला हवं असं नव्हतं. मी घरी जे काही शिजवेन ते तो वाढायचा. मी कधी त्याला पाहिलं नाही. कोट कांजी करून वाळवला की येतो तसा वास यायचा आणि बुटांच्या पॉलिशचा. स्वयंपाकघरापासून टेबलापर्यंत बुटांच्या तळव्यांची बारीक करकर यायची. माझी पाठ वळली की टेबल पुसलं जायचं, एका अर्धगोल फटक्यात, तंतोतंत बाबा पुसायचे तसं. आणि बाबांच्या खुर्चीमागच्या फरशीची चकाकी दोन जागी गेली. शेजारी शेजारी, पावलांएवढ्या दोन जागा. मी साबण लावून घासल्या, लिंबू चोळलं. त्या तशाच राहिल्या.

पण बाबांच्या गालांवर मांस आलं. डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि माझी पाठ थोपटली. "काय जादू केलीस?" मी हसून वेळ मारून नेली. काय सांगणार होते मी? एवढंच ठरवलं होतं की घरात कितीही अंगावर काटा आला तरी टिप ठेवायची नाही. आयुष्यभर पार्सलवर टिप दिली नाही, ती तत्त्वासाठी. आता देत नव्हते ती स्वार्थासाठी. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं.

एकदा कामावरून येताना खिडकीवरून जात होते. गल्लेवाल्यानं आतूनच हटकलं, "बाई, तुमच्याकडे पाठवलेला माणूस अजून परत आला नाही."

मी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि काढता पाय घेतला. मागून तो एवढंच म्हणाला, "फार उभं ठेवू नका."

मग करकर बदलली. पूर्वी ती सरळ यायची आणि थांबायची. आता खुर्चीमागे उभं असतानाही ऐकू यायची, थोड्या थोड्या वेळानं. एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकल्याची. दुपारच्या शांत घरात मी भाजी निवडत बसले की तो आवाज ऐकत राहायची. आमच्या घरात लहानपणापासून हा आवाज होता. बाबा रांगेत उभे असले, आईशी बोलत उभे असले, तरी असाच करायचे. पाण्याच्या पेल्याखाली आता ओलं वर्तुळ दिसायला लागलं. ठेवताना हात थरथरत असावा.

बाबांचं जेवणातलं लक्ष उडालं. खाता खाता ते मागे वळून पाहायचे.

"पाय सुजलेत त्याचे," एकदा ते म्हणाले.

"तुम्हाला दिसतात?"

"तुला दिसत नाहीत? आणि म्हणे चष्मेवाली!" मग आवाज खाली आणून, अगदी माझे पूर्वीचे बाबा होऊन म्हणाले, "ठमे, सोड त्याला. कोणाला असं ताटकळत ठेवू नये. मला माहीत आहे काय होतं ते."

"मी सोडलं तर तुम्ही जेवणार का? मी वाढलेलं? शब्द द्या मला."

बाबांना खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. त्यांनी मान वळवली. मी म्हणाले, "मग राहू दे उभा." हे बोलताना माझा स्वर कसा होता ते मला अजून ऐकू येतं. हॉलमध्ये अशा स्वराचं गिऱ्हाईक आलं की बाबा घरी येऊन गप्प असायचे.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून जेवायच्या सुट्टीत घरी आले, तर दार सताड उघडं. आत बाबांची खुर्ची कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी मागे सरकलेली. समोरचं ताट स्वच्छ. बाबांनी खाल्लं असेल म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. मग मला बाबा दिसले.

त्यांनी पेटीतला पांढरा कोट काढून घातला होता, पिवळा पडलेला. हातावर रुमाल. खुर्चीमागे, भिंतीपासून वीतभर पुढे, ताठ उभे होते. पावलं बरोबर त्या दोन डागांवर.

"बाबा! हे काय? बसा आधी."

"बसवलं त्याला," ते समाधानानं म्हणाले. "उपाशी होता बिचारा. पोटभर वाढलं. गेला."

"आणि तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती, नुसती अदब होती. त्यांनी खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली.

"या मॅडम. किती जण आहात?"

मी त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं, की ते उठून परत जागेवर. दार लावून घेतलं, तर दारावर हलकेच टकटक करत राहिले, "गिऱ्हाईक खोळंबलंय हो" म्हणत. घास पुढे केला तर, "माझं नंतर." डॉक्टर आले, त्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. गुंगी पुरती उतरायच्या आत बाबा भिंतीला धरत धरत त्या डागांवर येऊन उभे राहिले. त्यांचे घोटे दिसेनासे झाले होते, बुटांच्या नाड्या मी सोडल्या तर पावलावर वळ उठलेले. डॉक्टर मला दाराबाहेर म्हणाले, "हृदयाला हे झेपायचं नाही. काहीही करा, पण त्यांना बसवा."

मी तशीच खिडकीवर धावले.

"आला तो," माझ्या आधी गल्लेवालाच बोलला. "लंगडतच आला. बदली माणूस मिळाला म्हणाला."

"ते माझे बाबा आहेत! सोडा त्यांना!" मी पाकीट उघडून होतं नव्हतं ते त्याच्यापुढे ओतलं. "हे घ्या. सेवा आकार घ्या, पॅकिंगचे घ्या, काय हवं ते घ्या."

त्यानं सगळं नीट गोळा केलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. "इथे नाही चालत, बाई. तुम्हीच बोललात ना, जेवून उठताना, ताटाखाली."

"दिली की काय होईल?"

तेवढ्यात मला त्याच्या पाठीमागून, बंद शटरच्या पलीकडून आवाज आला. चमच्यांचा, बश्यांचा, पुष्कळ माणसं दबक्या आवाजात बोलतात तसा.

"सुटतील," तो म्हणाला. "पण सुटलेला माणूस गिऱ्हाइकाच्या घरी थांबत नाही. ते तुम्हाला माहीत आहे."

हो, माहीत होतं. घरी येईपर्यंत मला दुसरं काही माहीत नव्हतं.

मी टेबलाशी बसले. बाबांनी वाढलं. माझा सकाळचाच भात आणि भाजी होती, पण त्यांनी ती अशी आणली की मला कोणी मोठी पाहुणी असल्यासारखं वाटावं. डाव्या हातावर दोन ताटल्या, उजव्या हातात पाणी. पेला काठाच्या दोन बोटं खाली. त्यांचे पाय थरथरत होते आणि हात मात्र स्थिर होते. मी अगदी सावकाश जेवले. एकेक शीत मोजल्यासारखं. जोवर ताटात काही आहे तोवर बाबा होते. पाठीमागे ती करकर, या पायावरून त्या पायावर, आणि दर वेळी दातांमागे दाबलेला श्वास. आणखी भात मागून घ्यावा, असं माझ्या मनात आलं. आलं, हे खरं आहे. मग तो श्वास पुन्हा ऐकला, आणि मी ताट पुसून स्वच्छ केलं.

नोट काढावीशी वाटली नाही. पाकिटाच्या कप्प्यात एक नाणं होतं, ते ताटाखाली सरकवलं आणि उठले.

बाबा पुढे आले. ताट उचललं. नाण्याकडे पाहत राहिले. मग अदब हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेली.

"ठमे," ते म्हणाले. "ताट स्वच्छ केलंस?"

"केलं, बाबा."

"मग ही तुझी टिप की माझी?"

"तुमची. सुटलात तुम्ही."

त्यांनी नाणं कोटाच्या वरच्या खिशात टाकलं, खुर्ची ओढली आणि बसले. एवढा मोठा सुस्कारा मी कोणाचा ऐकला नाही. मी पळत जाऊन बादलीत गरम पाणी आणलं, त्यांचे बूट काढले, पाय पाण्यात ठेवले. "ऊन आहे का फार?" मी विचारलं. ते काही बोलले नाहीत. मी वाकून पाय चोळत राहिले, पाणी कोमट होईपर्यंत, आणि मग वर पाहिलं.

मी हमसून हमसून रडले. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी, शांतपणे गेले, असं मरण नशिबानं मिळतं. कोट उतरवताना मी वरचा खिसा चाचपला. नाणं नव्हतं. खाली सांडलं असेल म्हणून फरशी पाहिली. नाणं तिथेही नव्हतं, आणि ते दोन डागही नव्हते.

पुढे बरेच दिवस मी चौकाच्या दुसऱ्या बाजूनं जायची. एका संध्याकाळी मात्र घाईत खिडकीसमोरूनच निघाले. एक तरणाताठा, टाय लावलेला गृहस्थ गल्लेवाल्याशी हुज्जत घालत होता. "सेवा आकार? इथे सेवा कुठे आहे? काढा तो, नाहीतर द्या सेवा. पाठवा घरी वेटर!" रांगेत लोक हसत होते.

गल्लेवाल्याचा हात बिलावर काट मारायला पुढे आला.

"काढू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले. रांग मोडून पुढे घुसले आणि त्या माणसाचा सेवा आकार भरला, वर टिप ठेवली. तो मला वेडी म्हणाला असावा. पिशवी घेऊन गेला एकदाचा. माझ्या जिवात जीव आला.

"कोणाला पाठवणार होतात?" मी विचारलं.

"नवा माणूस आहे," गल्लेवाला म्हणाला. "नवा म्हणजे, इथलाच जुना. हात फार चांगला आहे त्याचा. पाय तेवढे…"

शटरच्या पलीकडे कोणीतरी एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकलं. हजार माणसांच्या गर्दीतसुद्धा मी तो आवाज ओळखला असता.

आता दुकान सुटलं की मी रोज तिथे जाते. पार्सलवर टिप का द्यायची म्हणून वाद घालणारा एखादा तरी येतोच, आणि दर खेपेला त्याच्या बोलण्यात मला माझंच बोलणं ऐकू येतं. तो भांडला की त्याचे पैसे मी भरते. गल्लेवाल्यानं एकदा आतून स्टूल पुढे केलं, बसा म्हणाला. मी नको म्हटलं. खिडकी बंद होईपर्यंत मी उभीच असते.